आधी कागद, मग हातोडा: खनिज-संग्राहकांच्या सहलीचा नेमका क्रम

दर हिवाळ्यात एखादा नवा सभासद टेबलावर पिशवी उपडी करतो आणि विचारतो, "हे काय आहे?" मी उलट विचारतो, "हे कुठलं आहे?" तिथेच गाडी अडते. "पावागढकडचं असेल... नाहीतर बोडेलीचं." दगड सुंदर असतो, पण संग्रहाच्या दृष्टीने तो गेलेला असतो. नाव नंतर कधीही शोधता येतं. ठिकाण मात्र दगड उचलला त्या मिनिटालाच लिहावं लागतं, नंतर ते कुणालाच सांगता येत नाही.

वडोदऱ्यात दहा-पंधरा जणांचा गट करून खनिजं गोळा करणाऱ्यांच्या बहुतेक चुका अशाच असतात. कामं सगळी होतात, पण उलट्या क्रमाने. आधी हातोडा चालतो, मग परवानगी आठवते. आधी आम्लात बुडवतात, मग ओळखायला बसतात. म्हणून खाली एका सहलीचा पूर्ण क्रम दिला आहे, ठिकाण ठरवण्यापासून प्रदर्शनाच्या टेबलापर्यंत.

१. ठिकाण आणि तारीख

आपण नशीबवान आहोत. एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा टप्प्यात चार अगदी वेगळे प्रकार मिळतात. पावागढच्या बाजूला दख्खनचा बेसाल्ट. छोटा उदेपूरकडे ग्रॅनाइट आणि डोलोमाइट, त्याच्या पुढे आंबाडुंगर-कडीपाणीचा फ्लोराइट. हालोलजवळ शिवराजपूरच्या बाजूला मँगनीजच्या जुन्या खाणी. आणि नर्मदेपलीकडे झगडिया तालुक्यात रतनपूरचा अकीक, जो पिढ्यान् पिढ्या खंभातला घासायला जातो.

एका सहलीत एकच ठिकाण घ्या. "वाटेतच आहे, उतरून बघू" म्हणून दोन ठिकाणं केली की संध्याकाळी पिशव्या मिसळतात. हा माझा स्वतःचा अनुभव आहे. एकदा ओरसंगच्या पात्रातले आणि डोंगराच्या उतारावरचे चौदा दगड एकाच थैलीत आले, ओल्या कागदांवरची शाई पसरली, आणि ते चौदाच्या चौदा आता आमच्या बाल्कनीतल्या कुंड्यांमध्ये आहेत.

तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली धरा. पावसाळा संपल्यावर लगेच खाणीत शिरू नका, पाण्याने भिजलेल्या भिंतींमधले दगड ऑक्टोबरमध्येही सुटत असतात. शिवाय नवरात्रात पहाटे साडेपाचला कोणी उठणार नाही, रात्रभर गरबा झालेला असतो. उत्तरायणाचे दोन दिवस तर विसराच.

*इशारा:* विश्वामित्रीच्या काठावर, शहरात किंवा शहराबाहेर, दगड शोधायला उतरू नका. त्या नदीत मगरी आहेत. नव्याने आलेल्यांना हे गमतीचं वाटतं, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

२. परवानगी

याच टप्प्यावर सर्वात जास्त घाई होते. "चार दगडच तर उचलायचेत" हे कोणाच्या जमिनीवर चालेल आणि कुठे अजिबात नाही, ते आधी वेगळं करून घ्या.

जिथे दगडाला हातही लावायचा नाही अशी ठिकाणं: चांपानेर-पावागढचा संरक्षित परिसर (२००४पासून जागतिक वारसा यादीत आहे), जांबुघोडा अभयारण्य, आणि बालासिनोरजवळ रैयोलीचं डायनासोरच्या जीवाश्मांचं क्षेत्र. इथे बघायला, फोटो काढायला जरूर जा. हातोडा गाडीतसुद्धा ठेवू नका, कारण चौकशी झाली तर "वापरणार नव्हतो" हे सिद्ध करत बसावं लागतं.

अभयारण्य नसलेलं साधं वनक्षेत्र असेल तरीही वनविभागाची परवानगी लागते. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात जंगलातला दगड आणि खनिज हेसुद्धा 'वनउत्पन्न' धरलं आहे. पुष्कळांना वाटतं तो कायदा लाकडापुरताच आहे.

चालू खाण असेल तर खाणमालकाला किंवा व्यवस्थापकाला लेखी पत्र द्यायचं. पत्रात पाच गोष्टी असाव्यात: तारीख, माणसांची संख्या, कोण कोण आहे याची यादी, फक्त हाताने नेता येतील एवढेच नमुने घेणार हे, आणि सगळे हेल्मेट-बूट घालून येतील याची हमी. आम्ही त्यात एक ओळ घालतो: "सुरुंगाच्या वेळेच्या आत-बाहेर आपण सांगाल तसं राहू." या एका ओळीने समोरच्याला कळतं की ही माणसं पिकनिकला येत नाहीत.

शेतजमीन असेल तर मालकाकडे आधी कोणीतरी एकट्याने जाऊन या. पंधरा जण दोन गाड्यांतून अचानक उतरले की कोणीही बिचकेल. गुजरातीत बोला, "काका" म्हणा, आणि पहिल्याच वाक्यात सांगा की विकायला नेत नाही. रतनपूरच्या बाजूला अकीक हे लोकांच्या पोटापाण्याचं साधन आहे. तिथे फुकट उचलण्यापेक्षा स्थानिक माणसाकडून दोन-चार खडबडीत तुकडे विकत घेणं जास्त रीतीचं, आणि कोणत्या खड्ड्यातले तेही तोच सांगतो.

नदीच्या पात्रालाही मालक असतो. ओरसंगच्या वाळूचे पट्टे लीजवर दिलेले असतात, तेव्हा तिथेही आधी विचारा.

*तपासा:* परवानगीचं पत्र छापील स्वरूपात प्रत्येक गाडीत आहे ना? फोनमधला फोटो पुरत नाही. डोंगरात रेंज जाते आणि बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

३. नोंदवही आणि आकडे, आदल्या रात्री

हा टप्पा दहा मिनिटांचा आहे आणि नेमका तोच गाळला जातो.

प्रत्येक सभासदाला आदल्या रात्रीच आकड्यांच्या चिठ्ठ्या कापून द्या. आमची पद्धत अशी: वर्ष, सहलीचा क्रमांक, सभासदाचं एक अक्षर, नमुन्याचा क्रमांक. म्हणजे '२५-०३-म-०७'. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची. बॉलपेनची शाई ओल्या दगडाजवळ टिकत नाही, जेलपेनची तर मुळीच नाही.

नोंदवहीत प्रत्येक आकड्यासमोर चार रकाने: नेमकी जागा, दगड खडकातच अडकलेला होता की सुटा पडलेला, आजूबाजूचा खडक कोणता, आणि वेळ. 'नेमकी जागा' म्हणजे "छोटा उदेपूर" नव्हे. "पूर्वेची भिंत, रस्त्यापासून दुसरी पायरी, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर" असं लिहा. फोनमधले अक्षांश-रेखांशही टाका, पण फक्त त्यांच्यावर विसंबू नका. खाणीच्या उंच भिंतीजवळ ते बरेच चुकतात.

सहा-सात जणांमागे एक 'कारकून' नेमा. त्याने त्या दिवशी दगड फोडायचे नाहीत, फक्त लिहायचं. कोणालाच हे काम नको असतं, म्हणून आळीपाळीने द्या.

४. सामान

मोठी यादी देत नाही. चुकतं ते एवढंच.

सुताराचा हातोडा आणू नका. त्याच्या तोंडाचं पोलाद दगडावर आपटलं की ठिकऱ्या उडतात. पाथरवटाचा हातोडा आणि दगडाचीच छिन्नी घ्या. एक हातोडा दुसऱ्या हातोड्यावर कधीही मारू नका. दोन्ही तोंडं कठीण पोलादाची असतात, आणि त्यांचा तुकडा गोळीसारखा सुटतो.

डोळ्यांना बाजूने बंद असलेला सेफ्टी गॉगल हवा. उन्हाचा गॉगल म्हणजे डोळ्यासमोर आणखी एक काच धरणं.

बांधायला जुनी वर्तमानपत्रं, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, झिपच्या पिशव्या आणि नाजूक स्फटिकांसाठी टिश्यू पेपर. दहापट मोठं दाखवणारं भिंग गळ्यात दोरीने अडकवा, खिशात ठेवलं तर परतीच्या वाटेवर सापडत नाही. माणशी तीन लिटर पाणी, जानेवारीतसुद्धा.

५. जागेवर पोहोचल्यावर पहिला अर्धा तास

गाडीतून उतरल्या उतरल्या हातोडा काढायचा नाही. आधी सगळ्यांनी एकत्र चालत जागा बघायची. भिंतीवर वरून लोंबणारे दगड कुठे आहेत, परतायची वाट कोणती, कोण कोणासोबत. जोडी ठरवा, एकटं कोणी फिरायचं नाही. शिवराजपूरच्या बाजूच्या बंद खाणी आणि रतनपूरचे जुने खड्डे झुडपांनी झाकलेले असतात. काठ दिसतो तिथे माती असेलच असं नाही. बंद बोगद्यात अजिबात शिरायचं नाही, डोकावायचंही नाही.

मग आसपासच्या सुट्या दगडांमध्ये शोधा. भिंत फोडण्याआधी पायाशी पडलेला ढीग बघणं हा नियम आहे, कारण चांगले नमुने अनेकदा तिथेच असतात आणि तुमच्यावर काही कोसळण्याची भीती कमी असते. मात्र उंच भिंतीच्या अगदी खाली असलेला ढीग सोडून द्या, कितीही चमकला तरी.

*तपासा:* दहा मिनिटांनी थांबून विचारा, आपल्यापेक्षा उंचावर कोणी दगड फोडतंय का? असेल तर एकाने जागा बदलायची.

६. नमुना काढणं

स्फटिकावर कधीही मारायचं नाही. त्याच्याभोवतीचा खडक सोडवायचा. बेसाल्टच्या पोकळीत कॅल्साइट किंवा झिओलाइट (अशा पोकळ्यांत वाढणाऱ्या नाजूक खनिजांचा एक गट) दिसलं की लोक त्यालाच छिन्नी लावतात आणि हाती भुगा येतो. पोकळीपासून हातभर लांब, खडकात आधीच असलेली चीर शोधा, तिच्यात छिन्नी धरा, हलके ठोके द्या. चीर नसेल तर तो नमुना तिथेच राहू द्या.

खडकासकट काढलेला नमुना सुट्या स्फटिकापेक्षा केव्हाही चांगला. कशावर वाढला, कशाच्या आधी वाढला, हे खडकच सांगतो. "खडकाचं वजन कशाला वाहायचं" म्हणून तो घासून काढणारे पुढे पस्तावतात.

फ्लोराइटच्या बाबतीत एक वेगळी काळजी. हे खनिज चार ठरलेल्या दिशांनी सहज फुटतं (याला पाटन म्हणतात). थोडा चुकीचा ठोका बसला की गुळगुळीत पृष्ठांचे तुकडे होतात, आणि मग लोक ते "नैसर्गिक स्फटिक" म्हणून दाखवतात. पाटनाचं पृष्ठ आणि स्फटिकाचं पृष्ठ यांतला फरक भिंगातून दिसतो. पाटनावर बारीक पायऱ्या असतात.

किती घ्यायचे? आमचा नियम: एका प्रकारचे माणशी तीन. एक स्वतःला, एक अदलाबदलीला, एक क्लबच्या पेटीत. पोती भरून आणणारा माणूस पुढच्या सहलीला बोलावला जात नाही.

काढल्याबरोबर चिठ्ठी, मग कागद, मग पिशवी, आणि कारकुनाला आकडा. हे चार झाल्याशिवाय दुसऱ्या दगडाकडे बघायचं नाही. चिठ्ठी दगडाला चिकटवू नका, कागदाच्या पहिल्या घडीत ठेवा. दोन दगड एकाच घडीत कधीही नाहीत.

७. धुणं: घाई इथेच नडते

घरी आल्यावर पहिल्या रात्री फक्त उघडायचं आणि वाळू द्यायचं. पंख्याखाली, उन्हात नाही.

दुसऱ्या दिवशी साधं पाणी आणि मऊ टूथब्रश. नव्वद टक्के नमुन्यांना एवढं पुरतं. पण काही झिओलाइटं फारच नाजूक असतात. सुईसारखे बारीक स्फटिक असतील तर ब्रशही नको, वाटीत पाणी घालून हलवा.

आता वारंवार होणारी गोष्ट. कोणीतरी संडास साफ करायचं द्रावण आणतो आणि डाग जावेत म्हणून सगळे दगड त्यात टाकतो. त्या द्रावणात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. कॅल्साइट त्यात विरघळून जातो. झिओलाइटांची चमक जाते, काहींवर पांढरट चिकट थर येतो. आणि फ्लोराइट तीव्र आम्लात, विशेषतः सल्फ्युरिकमध्ये, टाकणं हे तर जिवावरचं काम आहे. त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं, जे कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जातं. बॅटरीचं आम्ल दगडांच्या जवळही आणू नका.

गारगोटीवरचे लोखंडाचे तांबूस डाग ऑक्झॅलिक आम्लाने जातात, हे खरं. पण फक्त गारगोटीवरचे, हातमोजे घालून, गच्चीवर, आणि मुलं-मांजरं आत ठेवून, कारण ते विषारी आहे. दगडावर कुठेही कॅल्साइट असेल तर ऑक्झॅलिक वापरू नका. डाग जायच्या ऐवजी पांढरा थर बसतो आणि तो काढताना रडू येतं.

गरम पाणी कोणत्याच नमुन्याला नको. फ्लोराइट तापमानाच्या एका झटक्याने तडकतो. झिओलाइटच्या आत पाण्याचे रेणू असतात, ते उष्णतेने निघून जातात. लॉमोन्टाइट नावाचं झिओलाइट तर नुसतं कोरड्या हवेत ठेवलं तरी काही महिन्यांत पिठासारखं होतं.

*इशारा:* कापणं-घासणं कधीही कोरडं करू नका. अकीक म्हणजे सिलिका. तिची धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि त्याला उलटा रस्ता नाही. खंभातच्या अकीक कारागिरांमध्ये हा आजार किती पसरला आहे, हे त्या धंद्यातल्या कोणालाही माहीत आहे. तोंडाला रुमाल बांधून काहीही होत नाही. घासायचं असेल तर पाण्याची धार सोडून, आणि गच्चीवर सुकलेला गाळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसून.

८. ओळखण्याची संध्याकाळ

आमची ही बैठक सहलीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी असते. दगड वाळलेले असावेत आणि उत्साह शिळा झालेला नसावा, म्हणून तो दिवस. चहा, चिवडा, आणि टेबलावर पांढरी चादर.

कसोट्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. नमुन्याला इजा न करणाऱ्या आधी, इजा करणाऱ्या शेवटी. लोक नेमके आम्लाच्या बाटलीपासून सुरुवात करतात, नाहीतर फोनवरच्या अ‍ॅपला फोटो दाखवतात. अ‍ॅपला कठिनता कळत नाही, वजनही कळत नाही.

पहिलं, भिंग. रंग सर्वात शेवटी बघा. गारगोटी, कॅल्साइट, फ्लोराइट या तिन्हींना जवळजवळ सगळे रंग येतात.

दुसरं, घनता. स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर होते आणि कमालीची उपयोगी पडते. दगड कोरडा तोलून घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. समजा दगड २१२ ग्रॅम आणि बुडवल्यावर काटा ८० दाखवतो, तर २१२ भागिले ८० म्हणजे २.६५. ही गारगोटीची घनता. कॅल्साइट २.७१, डोलोमाइट साधारण २.८५, फ्लोराइट ३.१८, बॅराइट ४.५. चूक होते ती दोन कारणांनी: दगड तळाला टेकलेला असतो, किंवा त्याच्यासोबत दुसराच खडक चिकटलेला असतो. खडकासकटच्या नमुन्याची घनता काढण्यात अर्थ नाही.

तिसरं, कस, म्हणजे खनिजाच्या भुकटीचा रंग. बाथरूमच्या टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर दगडाचा कोपरा ओढा. मँगनीजच्या बऱ्याच खनिजांचा कस काळा येतो, हेमॅटाइटचा तांबडा-तपकिरी, मग तो दगड बाहेरून चकचकीत पोलादासारखा का असेना. गारगोटी टाइलपेक्षा कठीण असते, ती टाइललाच ओरखडते. त्या पांढऱ्या भुकटीला "पांढरा कस" म्हणू नका, ती टाइलची आहे.

चौथं, कठिनता, म्हणजे चरा पडायला किती अवघड, १ ते १०च्या मोह्स मापावर. नख साधारण २.५, चाकूचं पातं आणि काच ५.५च्या आसपास. कॅल्साइट ३, फ्लोराइट ४, गारगोटी ७. म्हणजे चाकूने कॅल्साइट आणि फ्लोराइटवर चरा पडतो, गारगोटीवर पडत नाही. "पडला की!" असं कोणी म्हटलं तर ओलं बोट फिरवा. पुष्कळदा तो चाकूच्या पोलादाची उमटलेली रेघ असते आणि पुसली जाते. चरा नेहमी नमुन्याच्या मागच्या बाजूला द्या.

शेवटी, आणि गरज असेल तरच, विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. द्रावण करताना पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी नाही. हे काम एकच माणूस करेल, आणि तो कोण हे आधी ठरवा. कॅल्साइटवर लगेच बुडबुडे येतात. छोटा उदेपूरचा डोलोमाइट थंड आम्लाला दाद देत नाही, त्यावर चाकूने थोडी भुकटी खरवडून तिच्यावर थेंब टाकला तर बुडबुडे दिसतात. हा एक फरक कळला की निम्मी भांडणं मिटतात. थेंबानंतर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

सगळं करूनही नाव ठरलं नाही तर लेबलवर प्रश्नचिन्ह ठेवा. 'झिओलाइट?' हे लेबल चुकीच्या नावाच्या लेबलपेक्षा कितीतरी चांगलं.

९. कायमचा आकडा

नमुन्याच्या न दिसणाऱ्या बाजूला नेलपॉलिशचा पारदर्शक ठिपका द्या. तो वाळला की वर व्हाइटनरचा छोटा ठिपका, त्यावर बारीक टोकाच्या पेनने आकडा, आणि वरून पुन्हा पारदर्शक नेलपॉलिश. खालचा थर का? पुढे कधी आकडा काढावा लागला तर दगड खराब होत नाही. सहलीतली पेन्सिलची चिठ्ठी फेकू नका, नमुन्याच्या डबीत घडी करून राहू द्या.

१०. अदलाबदल आणि प्रदर्शन

अदलाबदलीत एकच कडक नियम: दगडाला काही केलं असेल तर ते लेबलवर लिहायचं. अकीक वाळवून मडक्यात भाजला की त्यातलं लोह बदलतं आणि पिवळट-करडा दगड लाल होतो. खंभातची ही जुनी पद्धत आहे, त्यात वाईट काही नाही. पण 'भाजलेला' असं लिहायला हवं. रंगवलेल्या निळ्या-गुलाबी चकत्यांवर 'रंगवलेला'. तुटलेला चिकटवला असेल तर 'जोडलेला'.

प्रदर्शनाची लेबलं मराठीसोबत गुजरातीतही करा. दांडिया बाजारातल्या सभागृहात भरवलं तरी बघायला येणारी निम्मी मंडळी गुजराती वाचणारी असतात. जड नमुने खालच्या फळीवर. जांभळा अ‍ॅमेथिस्ट आणि काही फ्लोराइट खिडकीच्या उन्हात फिके पडत जातात, त्यांना आतल्या भिंतीकडचं टेबल द्या. मुलांसाठी हात लावायचं वेगळं टेबल ठेवा, त्यावर गारगोटी, बेसाल्ट, अकीक असं धट्टंकट्टं काहीतरी, आणि शेजारी हात धुवायची सोय. "केवढ्याला दिलं?" हा प्रश्न दिवसातून चाळीस वेळा येतो. टेबलावर 'विक्रीसाठी नाही' अशी पाटी ठेवा, म्हणजे तुम्हाला उत्तर द्यावं लागत नाही.

प्रदर्शन संपलं की खाणीच्या व्यवस्थापकाला आणि शेताच्या मालकाला एक-एक लेबल लावलेला नमुना नेऊन द्या, त्यांच्याच जागेतला. पुढच्या वर्षी पत्र न्यायला जाल तेव्हा तो त्यांच्या टेबलावर दिसेल. आणि नोंदवहीची झेरॉक्स काढून दुसऱ्या सभासदाच्या घरी ठेवा. आमची मूळ वही एका पावसाळ्यात भिजली होती, तेव्हा ती झेरॉक्स मांजलपूरच्या एका कपाटातून निघाली.